चारमिनारची जोडी

यंदा बऱ्याच वर्षांनी आमच्या शिवारात करडी दिसली. सोयाबीन आलं तशी करडी गेली. काट्यात उतरायला आता कुणी तयार होत नाही, आणि माणसांना तरी दोष कसा द्यायचा? पण शेजारच्या मळ्यातल्या भावांनी काय मनात आणलं कुणास ठाऊक, खटकचिंचोळीच्या वाटेला लागून चांगली दोन एकर करडी पेरली. पौषात पिवळी फुलं आली, माघात ती केशरी झाली, आणि आता फाल्गुनात सगळं रान वाळून, टोचरं होऊन काढणीची वाट बघत उभं आहे. सकाळी काठी टेकत फिरायला जातो तेव्हा त्या बांधापर्यंत गेलो की मी माघारी वळतो. सून विचारते, "मामा, आजकाल लवकर यायलाव?" मी सांगतो, गुडघा दुखतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला गुडघ्याचा फार आधार असतो. कुठलंही कारण त्याच्या नावावर खपतं.

खरं कारण करडीच आहे. तो वाळका, जरा तेलकट वास नाकात गेला की मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, समोर येऊन बसतो. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण गेलेल्या माणसावरचा राग त्याच्याबरोबर जातो असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. माझा अजून इथंच आहे.

करडीची काढणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊन वर आलं की तिचे काटे कडक होतात, म्हणून दव असतानाच, दिसू लागल्याबरोबर रानात जायचं. पायाला गोणपाट बांधायचं, हाताला फडकी गुंडाळायची. तरीसुद्धा न्याहारीच्या वेळी सगळं घर ओसरीवर बसून काटे काढत असायचं. आमचे अप्पा मी लहान असतानाच गेले होते. आव्वाला, म्हणजे आमच्या आईला, जवळचं नीट दिसत नसे. माझे काटे अण्णा काढायचा. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मांडीवर माझा पाय घेऊन, भुवया आक्रसून, एक एक काटा उपसायचा आणि शेवटी तळव्यावरून अंगठा फिरवून म्हणायचा, "आता चाल बघू." ज्या चिमट्यानं तो काटे काढायचा त्याच चिमट्यानं आम्ही टपालाची तिकिटं धरायचो. तिकिटांसाठी वेगळा चिमटा असतो हे मला फार उशिरा कळलं.

तिकिटांचं वेड घरात अण्णानं आणलं. निजामाच्या राज्याचं टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. त्यांच्यावर चारमिनार, अजिंठ्याचं दार, आमच्या बिदरचा मदरसा. आमच्या भागात तेव्हा आलेलं पत्र कुणी फाडत नसे आणि पेटीत जपूनही ठेवत नसे. वाचून झालं की भिंतीवरच्या तारेत ओवायचं. लोखंडी तार, तळाला लाकडाची चकती, वरच्या टोकाला आकडा. एकेका अडत दुकानात अशा पाच-सहा तारा लोंबत असायच्या, आणि त्यांत बापाच्या, आज्याच्या काळातली पत्रं. सुगी सरली की अण्णा आणि मी भालकीच्या दुकानांत जायचो, मालकाला विचारून तार खाली काढायचो आणि एकेक पाकीट बघत बसायचो. ओवणाऱ्याला काय, त्याचा हात जाईल तिथं तो तार खुपसायचा. निम्म्याहून जास्त तिकिटांच्या मधोमध भोक. असं भोक दिसलं की अण्णा लहान मूल पडल्यावर बाया करतात तसा "चच्" करायचा. त्याच्याकडं बघून दुकानातले हमालसुद्धा "चच्" करायला शिकले होते.

"चांगलं तिकीट सगळ्यांकडं असतंय, शिवा," तो म्हणायचा. "चुकलेलं बघ. छापणाऱ्याचा हात कुठं चुकला ते बघ."

रंग सरकलेला, अक्षरं उलटी पडलेली, एका बाजूचे दाते नसलेले. दाते म्हणजे तिकिटाच्या कडेचे ते करवतीसारखे खाचे. मोठ्या तावावर तिकिटांच्या रांगांमध्ये भोकं पाडलेली असतात आणि तिथून तिकीट फाडलं की कडेला दाते उरतात. हे सगळं अण्णा हैदराबादहून येणाऱ्या एका उर्दू मासिकात वाचायचा आणि रात्रीच्या जेवणाला मला सांगायचा. दुसऱ्याची चूक शोधायची सवय मला त्यानंच लावली. पुढं चाळीस वर्षं मास्तरकी केली, तेव्हा ती फार कामी आली.

आणि एका करडीच्या दिवसांत आम्हाला ती जोडी सापडली. आम्हाला म्हणतो खरा, पण सापडली मला.

पन्नास साल होतं, निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दीड वर्ष झालं होतं. करडीच्या पहिल्या गाडीबरोबर मी भालकीला गेलो होतो. माल उतरेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून अडत्याची एक जुनी तार काढून चाळायला लागलो. मधेच एक पिवळं पडलेलं पाकीट आलं. त्यावर एक आण्याची दोन तपकिरी तिकिटं, एकाखाली एक, दोन्हींवर चारमिनार. भोवती सगळीकडं दाते होते. पण दोघांच्या मधली भोकांची रांगच नव्हती. यंत्र तेवढी एक रांग पाडायला विसरलं होतं, आणि दोन चारमिनार एका कोऱ्या पट्टीवर एकमेकाला चिकटून राहिले होते. तार त्यांच्यापासून बोटभर अंतरावरून गेली होती. मी पाकीट उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. अडत्या म्हणाला, "पाकीट ने की बाबा, आतली चिट्ठी तेवढी ठेव." येताना मी गाडीत बसलो नाही. गचके बसतील म्हणून पाकीट सदऱ्याच्या आत धरून सगळी वाट चालत आलो.

अण्णानं ते उजेडात धरून बघितलं आणि तो हसला. मग एकदम मला कमरेला धरून वर उचललं. मी तेव्हा शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. गल्लीतली पोरं बघत होती, आणि मास्तर हवेत.

त्या दिवसांत अण्णा मनापासून हसला असा तो एकच प्रसंग मला आठवतो. तो गुलबर्ग्याला उर्दूतून मॅट्रिक झालेला, तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. बोरूनं लिहिलेलं त्याचं अक्षर बघायला माणसं थांबायची. जमिनीचे कागद, समन्स, अर्ज, सगळं उर्दूत. त्यामुळं संध्याकाळी आमच्या ओसरीवर कागद घेऊन आलेल्या माणसांची रांग असायची. अण्णा कागदावर नजर ठेवायचा आणि उर्दू डोळ्यांनी वाचून तोंडानं सरळ मराठी नाहीतर कानडी सांगायचा. मधे अडखळणं नाही. राज्य बदललं, कचेरीतलं उर्दूचं काम आटलं आणि नोकरी जाऊन अण्णा घरी बसला. शाळांना मात्र मराठी शिकवणारी माणसं हवी होती, म्हणून मला नोकरी लागली. ओसरीवरची रांग हळूहळू तुटली. एकदा एक म्हातारा कागद घेऊन आला, अण्णा पुढं सरसावला, तर म्हातारा म्हणाला, "न्हाई अण्णा, ह्यो मराठीत हाय. मास्तरला दावतो." अण्णा हसून बाजूला झाला. मी तो कागद वाचला. माझं त्याच्याकडं लक्षही गेलं नाही, आणि त्या वयात ते कुणाचं जातं?

हैदराबादला एक म्हातारे वकीलसाहेब होते. निजामी तिकिटांतल्या चुकांची ते स्वतःच्या हातानं एक वही ठेवतात, आणि त्या वहीत नोंद झालेली चूक देशोदेशीचे लोक खरी मानतात, असं अण्णानं मासिकात वाचलं होतं. त्यांना पत्र लिहायचं ठरलं. अण्णानं लिहिलं, उर्दूत, सुरेख अक्षरात, पण माझ्या नावानं. "सापडली तुला, मग नाव तुझंच पाहिजे," तो म्हणाला. मी फार आग्रह केला नाही, हेही सांगून टाकतो.

बारा-पंधरा दिवसांनी उत्तर आलं. वर माझं नाव. मला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. अण्णानं पत्र दारात उभं राहूनच फोडलं आणि नेहमीसारखं सरळ मराठीत वाचून दाखवलं. आव्वा, वहिनी, मी, सगळे ऐकत होतो. "आपलं पत्र पोचलं. अशी जोडी असल्याचं ऐकून होतो, बघितली न्हाई. समक्ष बघितली की माझ्या वहीत तिची नोंद करीन, गावाच्या नावासकट. तुम्हा दोघा भावांच्या नजरेचं कौतुक वाटलं. सवडीनं या."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. मोठी माणसं थोडंच लिहितेत."

पत्र पानभर होतं. पण उर्दू लिपी ऐसपैस असते अशी माझी समजूत. मी ते घडी घालून ट्रंकेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं की आपल्या गावाचं नाव हैदराबादच्या वहीत चढणार आहे. एका पोरानं विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, चुकीबद्दल. पोरं खूप हसली. मला मात्र त्या वहीतली ती ओळ रात्रंदिवस दिसत होती. आजवर आमच्या गावाचं नाव लिहिलं गेलं ते शेतसाऱ्याच्या कागदांवर. एकदा ते अशा ठिकाणी लिहिलं जावं, की तिथं कुणी केवळ बघण्याच्या आनंदासाठी बघतं, एवढंच मला हवं होतं. त्यातच बातमी आली की एप्रिलपासून निजामी टपाल बंद होणार, हिंदुस्थानची तिकिटं लागणार. मग तर मला दम निघेना. करडी संपली, पाडवा झाला, की दोघांनी जायचं असं ठरलं.

पाडव्याआधी वाटणी झाली.

वहिनीचं माहेर उदगीरचं. तिच्या भावानं कापडाच्या दुकानात अण्णाला भागीदार म्हणून बोलावलं होतं. अण्णा म्हणाला, "इथं माझं काय राहिलंय?" आव्वा दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. आमच्याकडं साल पाडव्याला बदलतं, गडी पाडव्याला बदलतात, वाटण्याही तेव्हाच होतात. रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे वाटे करणाऱ्याच्या हातून आपोआप न्याय होतो. दुसरी रीत, सामाईक काही ठेवायचं नाही. सामाईक म्हणजे भांडणाचं बी.

गुरपादमामा, म्हणजे आव्वाचा भाऊ, आणि शेजारचे दोघे जण पंच म्हणून बसले. कपाळाला विभूती लावून, पान खाऊन, सगळं शांतपणे चाललं होतं. रान झालं, भांडी झाली. बैलांपाशी मामा म्हणाला, "बैलाची जोडी फोडू नये. दोन्ही एकाकडं जाऊ द्या, दुसऱ्याला म्हैस आन गाडी." सगळ्यांनी माना डोलावल्या. बैल मी उचलले. मग मामाची नजर फळीवरच्या तिकिटांच्या वहीकडं गेली.

"ह्या वहीचं काय?"

अण्णानं वही खाली घेतली आणि चिमट्यानं तिकिटं काढून दोन ढीग करायला लागला. मामाला गंमत वाटत होती. "कागदाचे तुकडे तुमचे, पण वाटायलाव बघा कसे, सोनं असल्यावानी." शेवटी पाकिटाचा तो कापून ठेवलेला कोपरा राहिला, चारमिनारच्या जोडीचा.

"हे एकच हाय की," मामा म्हणाला. "हे कुणाला?"

त्या क्षणी काय झालं ते मी हजार वेळा मनात उलगडून पाहिलं आहे. अण्णानं माझ्याकडं बघितलं. तो बोलला असता तर पंचांनी बैलांचाच न्याय लावला असता, आणि पहिली उचल माझी, म्हणजे जोडी माझ्याकडं आली असती. पण हा हिशेब मी पुढं मांडला. तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की अण्णा रिकाम्या हातानं जाऊ नये. हवेत उचललं होतं त्यानं मला. आणि मी विचार केला, मधल्या बाजूला दाते नाहीत, ते कापल्यावरही दिसणारच. म्हणजे चूक दोन्हींत राहील. एकीच्या दोन होतील. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "एकेक घिऊ, अण्णा. एक तुझं, एक माझं."

"शाब्बास," मामा म्हणाला. "धाकटा असून समजूतदार हाय."

अण्णानं तोंड फिरवून चिमटा पुसला. मला वाटलं, त्याला भरून आलं. मग तो वहिनीला म्हणाला, "कात्री आण." वहिनीनं शिवणाची कात्री आणली. रेघ वाकडी जाईल अशी मला भीती होती. अण्णानं कागदाची दोन्ही टोकं दोन चिमटीत धरली आणि ताणून धरली. मी कात्री चालवली. रेघ सरळ आली.

पाडव्याला अण्णा उदगीरला गेला. शाळेला सुट्टी लागल्यावर वैशाखात मी एकटाच, माझा एक चारमिनार घेऊन, भालकीहून रेल्वेत बसलो.

वकीलसाहेब पार वाकलेले, पांढरी दाढी, डोळ्याला भिंग. त्यांनी मला शरबत दिलं, तिकीट घेतलं, भिंगाखाली धरलं आणि वर पाहिलं.

"ये तो एकीच है. दूसरा कां है?"

"भाई के पास है."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "काट दिये?" मी मान हलवली. "मैं खत में लिखा था ना बाबा," ते हळू आवाजात म्हणाले, "कुछ भी हो, जोडी तोडो नक्को. नीचे दो लकीर खींच को लिखा था."

मी म्हणालो, असं काही पत्रात नव्हतं. ते रागावले नाहीत. शांतपणे मला समजावून सांगितलं. मधली रांग पाडायची राहिली होती, याचा पुरावा म्हणजे ते दोघं एकत्र असणं. सुटं तिकीट कुणीही कात्रीनं दाते छाटून असं करू शकतो. उद्या दुसरा तुकडा आणून शेजारी लावला तरी मधली रेघ कात्रीची, ती कशी पुसणार? ते उठून आत गेले, वही आणली, मला त्यातली पानं दाखवली. फार सुंदर वही होती. मग मिटली. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या परक्या म्हाताऱ्याला माझं जेवढं वाईट वाटलं तेवढं माझ्या सख्ख्या भावाला वाटलं नव्हतं, हे मला विकाराबादला गाडी बदलताना कळलं, आणि मी फलाटावर बसून रडलो.

तरी मन म्हणत होतं, म्हातारा विसरला असेल. चार जणांना पत्रं लिहीत असेल, त्यांतलं एखादं आठवत असेल. पत्र तर ट्रंकेत होतंच. पण वाचायचं कसं? उर्दू वाचणारे गावात कमी नव्हते. कुणालाही दाखवलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की अमक्याच्या थोरल्यानं धाकट्याला फसवलं. आमची आव्वा जिवंत होती. घरची लक्तरं अशी पारावर कोण वाळत घालणार? मग मी ठरवलं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं.

भालकीला एक म्हातारे मौलवीसाहेब मुलांना शिकवायचे. दर रविवारी मी त्यांच्याकडं जायला लागलो. सांगितलं, जुने जमिनीचे कागद वाचायचे आहेत. ते हसले. "सगळे उर्दू सोडायलेत आन तुम्ही धरायलाव. उलटी गंगा." खरंच होतं ते. सगळा मुलूख जी लिपी विसरायला लागला होता, ती मी पाटीवर गिरवत होतो. छापील वाचायला लवकर आलं, हातचं लिहिलेलं काही केल्या उलगडेना. दोन वर्षं गेली. मधल्या काळात अण्णा सणावाराला यायचा, माझ्यासाठी सदऱ्याचं कापड आणायचा, मी ते शिवून घालायचो. बोलण्यात कुठं काही नाही. माझा स्वभाव खुनशी नाही, पण त्या दोन वर्षांत तो कापड माझ्या अंगाला लावून बघायचा तेव्हा मी श्वास धरून उभा राहायचो.

पुन्हा करडीचे दिवस होते. सकाळची काढणी उरकून, काटे माझे मीच काढून, मी ट्रंकेतलं पत्र घेतलं आणि बोट ठेवून वाचायला लागलो. ते वाक्य सहाव्या ओळीत होतं. खाली दोन रेघा. जोडी कुठल्याही कारणानं अलग करू नका. अलग झाली की ती काहीच नाही. इतकं स्वच्छ लिहिलं होतं की दोन वर्षं शिकायची गरज नव्हती, दोन महिन्यांत वाचता आलं असतं. अण्णानं ते दारात उभं राहून वाचलं होतं आणि अडखळल्याशिवाय गाळलं होतं. तेव्हा वाटणीचं बोलणं घरात निघालंही नव्हतं. मग का गाळलं? आपल्याला ठाऊक आणि शिवाला नाही, असं काहीतरी एक हातात असावं, म्हणून? मला आजही याहून बरं कारण सुचत नाही.

मग मी दुसरं एक वाक्य शोधलं. "तुम्हा दोघा भावांच्या नजरेचं कौतुक." चार वेळा पत्र वाचलं. ते नव्हतं. कौतुक होतं, पण एकट्या माझं, माझं नाव घेऊन. ज्यानं मला नजर दिली, ज्यानं आमचं पत्र लिहिलं, त्याचा सबंध पानात उल्लेख नव्हता. तो कसा असणार? त्यानंच स्वतःला त्यात घातलं नव्हतं. आणि उत्तर वाचताना मात्र, आम्हा सगळ्यांच्या देखत, अण्णानं स्वतःला त्या पत्रात घालून घेतलं होतं.

मला हे समजलं. पण समजलं की माफ होतं असं म्हणणाऱ्यांनी घरच्या माणसाकडून कधी धोका खाल्लेला नसतो. उलट मला जास्त राग आला. माग की बाबा! नाव हवं होतं तर माग. मी दिलं असतं. सगळी जोडी तुझ्या हातात ठेवली असती. तू कागद ताणून धरलास आणि कात्री माझ्याकडून चालवून घेतलीस, हे मला गिळवत नाही. अजून गिळवत नाही.

पुढची चार वर्षं मी ते पत्र ट्रंकेतच ठेवलं, आणि छप्पन्न साल उजाडलं. हैदराबाद राज्य मोडणार, कुठला तालुका कुठं जाणार, याशिवाय चावडीवर दुसरं बोलणं नव्हतं. उदगीर मुंबईकडं आणि आम्ही म्हैसूरकडं जाणार हे जवळजवळ ठरलं होतं. मला उगाच वाटायला लागलं की एकदा मधे सरहद्द आली की हे विचारायचं राहूनच जाईल. करडी अजून रानात होती तरी ती तशीच सोडून मी सकाळच्या गाडीनं उदगीरला गेलो.

अण्णा घरी होता. दुपारचं जेवण व्हायचं होतं. सतरंजीवर बसून तो कापडाचे तुकडे घड्या करून ठेवत होता. मी खिशातून पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, उर्दूत, पहिल्या ओळीपासून. त्याचे हात थांबले. सहाव्या ओळीपाशी मी थांबून वर बघितलं. तो ऐकत होता, मान जरा कलती करून, ओसरीवर कुणी कागद आणला की बसायचा तसा. मी खाली सहीपर्यंत सगळं वाचलं. आत वहिनीच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

"चांगलं वाचायलास," अण्णा म्हणाला. "जबान साफ हाय. कुणाकडं शिकलास?"

"भालकीच्या मौलवीसाहेबांकडं."

"कवापासनं?"

"तू गेलास त्या साली लागलो."

त्यानं हात पुढं केला, पत्र घेतलं, त्या दोन रेघांवरून अंगठा फिरवला आणि पहिल्या घडीवरच नीट घडी घालून मला परत दिलं. मी वाट बघत होतो. एक शब्द पुरे होता मला. 'चुकलो' म्हणाला असता तर मी तिथंच जेवायला बसलो असतो.

"उर्दूच शिकायची होती तर माझ्याकडं कामून आला न्हाईस, शिवा?" त्याचा आवाज फाटला. "मी शिकिवलो असतो की."

मी उठलो. वहिनी ताट घेऊन दारात उभी होती, तिला गाडीची वेळ झाली म्हणून सांगितलं. गाडीला अजून तीन तास होते. ते तीन तास मी स्टेशनावर उन्हात बसून काढले आणि त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. त्याच्याकडं शिकायला गेलो असतो तर पहिल्याच दिवशी त्यानं ते पत्र माझ्या हातून घेऊन पुन्हा मराठीत वाचून दाखवलं असतं, तसंच, न अडखळता. आणि मी पुन्हा त्याच्यावर विश्वास ठेवला असता.